नाव टाकलेला माणूस

आमच्या नांदेडात स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला नुसते ‘स्वारातीम’ म्हणावे. तो पुढे काही न विचारता विष्णुपुरीची वाट धरतो. अंबाजोगाईत ‘स्वाराती’ म्हटले की सरकारी दवाखाना. नावे आखडून घेण्याची आपल्याला मोठी हौस. त्यात वेळ वाचतो, हे खरे. पण कधीकधी माणूसच हरवतो. यंदा पहिल्या वर्षाच्या एका मुलाने भर तासाला विचारले, “सर, स्वारातीम हा शब्द कोणत्या भाषेतला?” वर्ग हसला. मुलगा मात्र खरोखरच विचारत होता.

तर वाचकहो, हा शब्द कोणत्याच भाषेतला नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, हे त्या संस्थेचे पूर्ण नाव. आणि ज्याचे नाव आपण असे चार अक्षरांत उरकतो, त्या गृहस्थाने स्वतःचे नाव तर फार आधीच टाकून दिले होते. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी जन्मलेला व्यंकटेश भवानराव खेडगीकर हा तरुण शिकला, कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याकडे चिटणीस म्हणून राबला आणि पुढे निजामाच्या राज्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर होऊन आला. तिशीच्या आतच त्याने संन्यास घेतला. घर गेले, आडनाव गेले. खडू मात्र हातातच राहिला. १९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईला आले, तेही शाळा चालवायलाच.

संन्याशाने शाळा चालवावी यात आज कुणाला नवल वाटणार नाही. पण त्या काळचे हैदराबाद संस्थान डोळ्यांपुढे आणा. प्रजा बोले तेलुगू, मराठी, कानडी. राज्यकारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. अशा मुलखात मराठी शाळा चालवणे हेच मोठे राजकारण होते. निजामाच्या अधिकाऱ्यांना ते कळत होते. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला आणि मास्तर तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी सारा देश पेढे वाटत असताना हैदराबादेत तिरंगा फडकावल्याबद्दल स्वामीजींना पुन्हा अटक झाली. आपल्याकडे स्वातंत्र्य उजाडले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी, तेरा महिने उशिराने.

या तेरा महिन्यांतली उमरीची हकिगत आमच्या जिल्ह्यात अजून सांगतात. ३० जानेवारी १९४८ रोजी, तिकडे दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी, लढ्यातल्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली. रक्कम थोडीथोडकी नव्हे, काही लाखांची. ती सरहद्दीवरच्या छावण्यांसाठी होती, आणि तिचा हिशेब पुढे रीतसर देण्यात आला. लुटीचाही हिशेब द्यावा लागतो असे ज्यांना वाटले, त्यांचा पुढारी मास्तर होता, हे मला फार बोलके वाटते.

राज्य मिळाल्यावर हा माणूस गादीवर बसला असता तर कोणी नाव ठेवले नसते. स्वामीजी दोनदा लोकसभेवर निवडून गेले, १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून. मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. उलट, ज्या हैदराबाद राज्यात त्यांच्या शब्दाला एवढे वजन होते, ते राज्यच भाषावार मोडावे असा त्यांनी आग्रह धरला. १९५६ साली ते मोडले. आपल्या पायाखालची जमीन लोकांना वाटून टाकणारा पुढारी विरळाच. या लढ्यातले त्यांचे एक कार्यकर्ते पी. व्ही. नरसिंह राव १९९१ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. स्वामीजी ते पाहायला नव्हते. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांनी देह ठेवला होता.

आता थोडे घरचे बोलतो. मी मूळचा लातूरचा, नोकरीने नांदेडचा. मराठी शिकवतो, त्यावर माझी चूल पेटते. १९५० साली स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले. पुढे नरहर कुरुंदकरांसारखा माणूस तिथे शिकवत होता. त्याआधी इथल्या मुलाला वरच्या शिक्षणासाठी घरदार सोडून दूर जावे लागे. तेव्हा मराठवाड्यात मराठीचा प्राध्यापक म्हणून मिरवणाऱ्या आम्हा सर्वांच्या भाकरीत त्या संन्याशाचा एक घास आहे.

हे ऋण फेडायचे कसे? पुतळ्याला हार घालून माझे समाधान होईना. म्हणून गेली काही वर्षे मी मुलांना सप्टेंबरात एक काम देतो. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला ‘रझाकारीत तुम्ही कुठे होता?’ असे विचारायचे आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत, लिहून आणायचे.

यंदाच्या दोन वह्या माझ्या टेबलावर आहेत. हदगावकडच्या एका मुलाची पणजी तान्ह्या पोराला पाठीशी बांधून रात्री पैनगंगा उतरली आणि उमरखेडला पोचली. मागे घर जळत होते. दुसरी वही लातूरकडच्या एका मुस्लिम मुलीची. तिच्या पणजोबाचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. पोलीस ॲक्शननंतर सूड उगवायला माणसे गावात शिरली, तेव्हा शेजारच्या पाटलाने त्याला चार दिवस धान्याच्या पेवात लपवले. मुलीने शेवटी लिहिले आहे, “आमच्या घरी १७ सप्टेंबरला कोणी काही बोलत नाही.”

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील. पण त्याच रझाकारी जुलमाविरुद्ध लिहिले म्हणून २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत ज्याचा खून पडला, तो ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान होता. आणि मुक्तीनंतर निरपराध मुसलमानांवर जे गुदरले, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. स्वामीजींची लढाई जुलमी सत्तेशी होती, शेजाऱ्याशी नव्हती. त्यांच्या नावाने भाषणे करताना हा अर्धा भाग गाळला, तर आपण त्यांचे नावच नव्हे, त्यांचे कामही आखडून टाकू.

दोन्ही वह्या मी वर्गात वाचून दाखवल्या. मुले गप्प बसून ऐकत होती. तास संपल्यावर हदगावचा मुलगा त्या मुलीजवळ गेला आणि त्याने तिची वही पुन्हा वाचायला मागितली. तिने दिली. यापलीकडे काही घडले नाही. घडायला हवे असेही नाही.

वाचकहो, १९४८ साली जे मूल दहा वर्षांचे होते, त्याने आज पंच्याऐंशी ओलांडली आहे. अशी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. ओसरीवर, खाटेवर, औषधांच्या डब्यांशेजारी. दिवाळीत सारी भावंडे जमतात. लाडू-चकली झाल्यावर, पत्त्यांचा डाव मांडण्याआधी, एक तास त्यांच्याजवळ बसा. त्यांना ऐकू कमी येत असेल तर प्रश्न मोठ्याने विचारा. जे सांगतील ते सोयीचे असो वा गैरसोयीचे, जसेच्या तसे उतरवून घ्या आणि खाली तारीख घाला.