पुस्तकं नकोत, वर्गणी द्या!

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून दोन खोकी खाली येतात. आई वरची धूळ झटकते, आत डोकावते आणि म्हणते, "रद्दीत नको घालूस रे, वाचनालयाला देऊन टाक." मग तुम्ही ते खोकं गाडीवर पुढे ठेवता, जवळच्या वाचनालयात पोचवता आणि पुण्याचं काम केल्याच्या आनंदात मिसळ खायला जाता. खोटं कशाला बोलू, मीही हेच करायचे.

एफवायला असताना असंच एक खोकं घेऊन मी आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात गेले होते. काउंटरवरच्या काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे, आणि म्हणाले, "ठेव तिकडे." तिकडे म्हणजे कोपऱ्यात. तिथे आधीच नऊ-दहा खोकी एकावर एक उभी होती. जुन्या अभ्यासक्रमाची बारावीची गाइडं, मुखपृष्ठ फाटलेले दिवाळी अंक, एकाच कादंबरीच्या चार प्रती. मी जरा फुशारकीनं विचारलं, "काका, हे लावत का नाही तुम्ही?" ते शांतपणे म्हणाले, "लावायला माणूस लागतो ना बाळा. मी एकटा. संध्याकाळी चार तास."

वाचनालयाला पुस्तक मिळणं आणि ते वाचकाच्या हातात जाणं यात किती काम असतं, याची आपल्याला कल्पनाच नसते. आलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायचं, त्याला दाखल क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, विषय ठरवून वर्गांक घालायचा, कार्ड किंवा कॉम्प्युटरवर नोंद करायची, मग कपाटात जागा शोधायची. पुढे बाइंडिंग सुटलं तर ते करून घ्यायचं, वाळवी बघायची, पावसाळ्यात ओल बघायची. जे घेऊन गेलेत त्यांना फोन करकरून ते परत मागायचं. एवढं करायला माणूस हवा, आणि माणसाला पगार हवा. आपण देतो पुस्तक. पगार कोण देतं?

आता जरा आकडे बघू. कंटाळा करू नका, गणित पाचवीतलं आहे.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्यानुसार सरकारमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन दरवर्षी अनुदान मिळतं. राज्यात अशी हजारो ग्रंथालयं आहेत. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ जाहीर झाली. बातमीत ६० टक्के हा आकडा भरघोस वाटतो. प्रत्यक्षात सगळ्यात खालच्या ड वर्गाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं. म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. त्यातला साधारण निम्मा भाग पगारासाठी धरलेला असतो, म्हणजे २,०००. उरलेल्या २,००० मध्ये लाइटबिल, वर्तमानपत्रं, मासिकं, नवी पुस्तकं, जागेचं भाडं असेल तर भाडं. जिल्हा पातळीवरच्या अ वर्गाला वर्षाला ११ लाख ५२ हजार मिळतात, ते त्यातल्या त्यात बरं. पण तिथे पसारा आणि नोकरवर्गही तेवढाच मोठा.

दोन हजारांत महिनाभर रोज चार तास काम करणारा माणूस तुम्ही कुठे पाहिला आहे? मी पाहिला आहे, कोपऱ्यातल्या खोक्यांशेजारी.

आता गणित उलट करा. तुमच्या वर्गातल्या ८० जणांनी महिन्याला प्रत्येकी ५० रुपये दिले तर किती होतात? ४,०००. एक अख्खं राज्य सरकार एका ड वर्ग वाचनालयाला महिन्याला जेवढं देतं, तेवढे. पन्नास रुपयांत कॉलेज रोडवर कोल्ड कॉफीही धड येत नाही.

हे मी सरकारची बाजू घ्यायला सांगत नाहीये, त्यावर पुढे येतेच. पण आपल्या शहरात वाचनालय नावाची गोष्ट उभी राहिली तीच मुळी अशा पैशावर. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं 'सावाना', १८४० चं आहे. १८४० म्हणजे केव्हा, हे लक्षात घ्या. मुंबई विद्यापीठ निघायला अजून १७ वर्षं होती. नाशिकला नगरपालिका आली १८६४ मध्ये. नाशिक जिल्हा स्वतंत्र झाला १८६९ मध्ये. म्हणजे गावाला दिवाबत्ती बघणारी पालिका नव्हती, तेव्हा वाचनालय होतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. त्या काळात अनुदान नव्हतं, कायदाही नव्हता. मासिक वर्गणी आणि गावातल्या चार बऱ्या माणसांच्या देणग्या, एवढ्यावर चाललं. आज 'सावाना'कडे नाट्यगृह आहे, वस्तुसंग्रहालय आहे, जुन्या पोथ्या आहेत. कार्यकारिणीची निवडणूक तर अशी रंगते, की पालिकेच्या निवडणुकीनं बघत राहावं. पायाशी मात्र ती सभासदाची वर्गणीच.

मध्यंतरी आपल्याकडे एक वेगळाच प्रयोग झाला आणि तो नाशिकमध्येच झाला, याचा मला भयंकर अभिमान आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानडे यांच्या कल्पनेतून 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं, २००९ च्या सुमारास. कल्पना साधी. वाचक वाचनालयात येत नाही ना, मग वाचनालयानंच त्याच्याकडे जायचं. पुस्तकांची एक पेटी, तिच्यात २५ पुस्तकं. सोसायटीतल्या किंवा ऑफिसातल्या तीसेक वाचकांचा एक गट ती सांभाळणार, फुकट वाचणार, आणि काही महिन्यांनी ती पेटी पुढच्या गटाकडे जाऊन दुसरी येणार. पेट्या नाशिकमधून राज्यभर गेल्या, कारागृहात गेल्या, दुबईतल्या मराठी घरांत पोचल्या.

मला यात पेटीपेक्षा पैशाची बाजू जास्त शिकण्यासारखी वाटते. 'ग्रंथालयाला मदत करा' असं मोघम आवाहन केलं, तर हात खिशात जाता जात नाही. 'तुमच्या आईच्या नावानं एक पेटी द्या' म्हटलं, की माणूस किती लागतील ते विचारतो. कुणी वाढदिवसाला पेटी दिली, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ. देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते दिसतं, पुस्तकंही निवडून नवी घेतलेली असतात, माळ्यावरची नव्हेत. इमारत नाही, त्यामुळे लाइटबिल नाही. पेटी सांभाळणारा वाचक हाच ग्रंथपाल, त्यामुळे तो खर्चही नाही.

मग सगळ्या वाचनालयांच्या पेट्याच करून टाकाव्यात का? नाही. कारण पेटीत एक गोष्ट मावत नाही. खुर्ची.

हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. तुमच्यापैकी कितीजण एमपीएससी, सीए, नीट असं काही ना काही करताय? घरी दोन खोल्या, टीव्ही चालू, धाकटा भाऊ मोबाइलवर. मग खासगी अभ्यासिकेत जागा घ्यायची. तिथे महिन्याला जे भाडं तुम्ही मोजता, त्यात बहुतेक सार्वजनिक वाचनालयांची कित्येक महिन्यांची वर्गणी निघेल. एसी असतो, वायफाय असतं, कबूल. पण ज्याला ते भाडं परवडत नाही तो पोरगा कुठे बसतो? सिन्नर, पेठ, सुरगाण्याहून शिकायला आलेली, कॉट बेसिसवर राहणारी मुलं-मुली कुठे बसतात? गोदाघाटावर बसून राज्यसेवेचा अभ्यास होत नाही हो. त्यांच्यासाठी एकच जागा उरते, ती म्हणजे वाचनालयाची खुर्ची. ती संध्याकाळी चार तास उघडी राहते की सकाळी आठ ते रात्री दहा, हे त्या काउंटरवरच्या माणसाच्या पगारावर ठरतं.

म्हणून म्हणते, पुस्तकं देऊ नका असं नाही, पण आधी वर्गणी द्या. एकदाच दिलेली देणगी भिंतीवरच्या संगमरवरी पाटीत दिसते. लाइटबिल मात्र दर महिन्याला येतं. अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी हे पक्कं ओळखून होता. त्यानं जगभर अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले, पण गावांना त्याची सहसा एक अट असे. जागा तुम्ही द्यायची आणि मी जेवढी रक्कम देतोय तिच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवायला तुम्ही खर्च करायची. कबूल नसेल तर इमारत नाही. माणूस धंद्यात कसा होता ते सोडा, पण हे त्याला बरोबर कळलं होतं.

आपल्याकडे याच्या उलट आणखी एक प्रकार असतो, 'आजीव सभासद'. एकदा ठोक रक्कम भरायची, की जन्मभर पुस्तकं आणि मतदान. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भरलेल्या त्या पैशाचं व्याज आज किती येत असेल? तुमच्या आजोबांचं असं कार्ड असेल तर त्यांना हळूच विचारा, की दरवर्षी थोडं वर घालणार का. रागावतील. तरी विचारा.

आता सरकारचं बघू. 'आम्ही पैसे गोळा केले, की सरकार अंग काढून घेईल,' असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणणारच, आणि ती शंका अगदीच चुकीची नाही. तमिळनाडूत (तेव्हाचा मद्रास प्रांत) १९४८ पासून ग्रंथालयासाठी वेगळा उपकर आहे, त्या कायद्यामागे डॉ. रंगनाथन होते. कर्नाटकात मालमत्ता कराच्या ६ टक्के ग्रंथालय उपकर घेतात. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकरच नाही. घरच्या घरपट्टीचं बिल एकदा काढून बघा. शिक्षण उपकर दिसेल, वृक्ष उपकर दिसेल, ग्रंथालयाचा दिसणार नाही. गंमत म्हणजे देशातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्याच कोल्हापूर संस्थानानं केला होता, १९४५ मध्ये. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. त्याच भाषेची पुस्तकं सांभाळणाऱ्या काकांना महिन्याला २,००० मिळतात, हे कुणाच्या स्टेटसला नव्हतं. सिंहस्थाच्या तयारीत शहराचे रस्ते, पूल, घाट सगळं बदलतंय. त्या यादीत एखादी सरकारी अभ्यासिका घाला, असं नगरसेवकाला सांगायला कुणी गेलंय का?

पण हेही खरं, की ज्याच्या हातात पावती असते त्यालाच विचारायचा हक्क असतो. २०१२ मध्ये सरकारनं महसूल खात्याकडून राज्यातल्या ग्रंथालयांची पडताळणी करून घेतली, तेव्हा काही ग्रंथालयं फक्त कागदावर निघाली. अनुदान चालू, वाचक शून्य. ज्या वाचनालयात शंभर वर्गणीदार रोज येऊन बसतात, तिथे असं होणं अवघड. वाचनालय ही बहुतेक वेळा नोंदणीकृत संस्था असते, तिची वार्षिक सभा होते, लेखापरीक्षण होतं. सभासद म्हणून तुम्ही ताळेबंद मागू शकता. वेळ वाढवा म्हणू शकता, स्पर्धा परीक्षेची नवी पुस्तकं घ्या म्हणू शकता, मुलींसाठी स्वच्छतागृह नीट करा म्हणू शकता. काही ठिकाणी कपाळावर आठ्या पडतील. तुमच्या वयाचं माणूस वार्षिक सभेत त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नसतं, म्हणून.

पैसे गोळा करणं आपल्याला येत नाही असं तर अजिबात नाही. गणपतीत पावतीपुस्तक घेऊन गल्लीतला एकही दरवाजा न सोडणारे तुम्हीच ना? नाही म्हणणाऱ्या काकांकडूनही १०१ काढणारे? तेच कसब वापरा. फक्त मंडळाचे दहा दिवस असतात, वाचनालयाचे बारा महिने, म्हणून एकदाच मोठी रक्कम मागण्यापेक्षा दर महिन्याची छोटी ठरवून घ्या. ग्रुपवर क्यूआर कोड टाकून द्या, पण तो संस्थेच्या खात्याचा, मित्राच्या नाही. कशासाठी देताय ते ठरवून द्या. 'अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी राहावी म्हणून अर्धवेळ मदतनीस', असं. पैसे नसतील तर शनिवारचे दोन तास द्या आणि कोपऱ्यातली ती खोकी उघडा. गाइडं रद्दीत घाला, कामाची पुस्तकं नोंदवहीत चढवा. तुम्हाला एक्सेल येतं, काकांना दाखल क्रमांक येतो.

मी पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या वाचनालयात गेले होते. खोकं परत आणायला नाही, सभासद व्हायला. काकांनी कार्बन घालून पावती लिहिली, अनामत वेगळी, वर्गणी वेगळी. मग कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वेळ असेल तर त्यातलं तुझं खोकं आधी घे."