पाना कुणाच्या हातात?

आमच्या जुन्या चेतकचा टायर गेल्या महिन्यात आम्ही दोघींनी अंगणातच बदलला. "राहू द्या ताई, पोरगा पाठवतो," शेजारी म्हणालेच! या स्कूटरची रिम दोन भागांची. पान्याखेरीज फारसं काही लागत नाही. मात्र चाक गाडीला धरणारे नट वेगळे, रिमचे भाग जोडणारे वेगळे. हे दुसरे सोडण्याआधी ट्यूबमधली सगळी हवा काढायलाच हवी. नाहीतर रिम उसळून जिवावर बेतू शकतं. बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरावी, म्हणजे ती चिमटत नाही.

'वाटेत पंक्चर झालं तर?' म्हणून संध्याकाळच्या बैठका टाळणाऱ्या आपल्यातही आहेत. शिबिरांत आपण कायदा शिकवतो, हे नाही. पुढच्या शिबिरात एक दुपार यासाठी ठेवली आहे. जुने कपडे घालून या.