लाल बस आणि 'ळ'

मागच्या वर्षीची गोष्ट. अष्टमीच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी झाली होती. आठवीतला एक विद्यार्थी मराठीची वही घेऊन माझ्याकडे आला. मला नवल वाटले. शुद्धलेखनाचा तास आला, की हा मुलगा नेहमी मागच्या बाकावर जाऊन बसत असे.

"सर, 'महामंडळ' शब्दातला 'ळ' कसा लिहायचा?" त्याने विचारले.

उर्दूत 'ळ' हा वर्ण नाही. त्यामुळे आपल्या मुलांना तो जड जातो. मी फळ्यावर काढून दाखवला. मग विचारले, "हा शब्द तुला कशाला हवा?" तो आधी लाजला, मग म्हणाला, "सर, मोबाईलच्या खेळात एस.टी.ची बस बनवतोय. बसवर तसे लिहिलेले असते ना?"

त्याच संध्याकाळी कुंडलिका नदीच्या पुलाजवळ त्याचे अब्बा भेटले. ते वैतागून म्हणाले, "सर, आता तुम्हीच याला समजवा. बसच्या नादात गणिताची वही कोरी राहिली आहे!"

समजावण्यापूर्वी आपण नीट पाहावे, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. खेळाचे नाव होते 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'. इंडोनेशियातील मालेओ या कंपनीने तो २०१७ साली काढला. त्यात रस्ते आणि शहरे इंडोनेशियाची आहेत. परंतु बसवर आपले स्वतःचे रंगकाम चढवण्याची सोय कंपनीनेच ठेवली आहे. पुठ्ठ्याचे खोके उलगडून सपाट पसरावे, तशा बसच्या सर्व बाजू एका चित्राच्या फायलीत पसरलेल्या असतात. ते चित्र रंगवले, की बस रंगते. पहिल्या खेपेस या मुलाची मागची पाटी उलटी आली होती. त्याने चित्र फिरवले, पुन्हा घातले, पुन्हा पाहिले. अखेर 'महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ' अशी अक्षरे असलेली आपली लाल बस 'रोहा – मुरूड' अशी पाटी लावून इंडोनेशियाच्या रस्त्यावर धावू लागली!

मुलांनो, संगणकाचा कोणताही खेळ म्हणजे फायलींचा एक मोठा गठ्ठा असतो. एका फायलीत चित्रे, दुसरीत आवाज, तिसरीत नावे, चौथीत नियम. त्यातली एखादी फाईल बदलली, की खेळातली तेवढी गोष्ट बदलते.

हे काम काही नवे नाही. ई.ए. स्पोर्ट्स या कंपनीने २००६ साली 'क्रिकेट ०७' हा खेळ आणला. भारतासह काही संघांतील खेळाडूंची खरी नावे वापरण्याचा परवाना तिच्याकडे नव्हता. त्यामुळे नावे थोडी बदललेली होती. २००८ साली आय.पी.एल. सुरू झाली, तीही या खेळात अर्थातच नव्हती. तेव्हा अनेक देशांतील शौकिनांनी नावे दुरुस्त केली, नवे गणवेश रंगवले, आय.पी.एल.चे संघ घातले. त्यांच्यामुळे तो खेळ पुढे कितीतरी वर्षे टिकला. त्याआधी १९९९ साली मिन्ह ले आणि जेस क्लिफ या तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळात बदल करून 'काउंटर-स्ट्राइक' हा वेगळाच खेळ तयार केला. मूळ कंपनीने त्यांना शिक्षा केली नाही. उलट त्यांचा खेळ विकत घेऊन २००० साली बाजारात आणला.

म्हणून माझे मत असे, की फाईल बदलणारा मुलगा बिघडला असे एकदम म्हणू नये. त्या मुलाला जे माझ्या शुद्धलेखनाच्या तासाने शिकवले नाही, ते त्या बसने शिकवले. पण काही गोष्टी सांभाळल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट सावधपणाची. बदल करण्यापूर्वी मूळ फाईलची प्रत जपून ठेवा. अनोळखी ठिकाणची फाईल उतरवू नका. तिच्यात लपून येणारा व्हायरस घरच्यांचे संदेश आणि बँकेची माहिती चोरू शकतो. मोबाईल अब्बांचा असतो, आणि नुकसान साऱ्या घराचे होते.

दुसरी गोष्ट इमानदारीची. दुसऱ्याने रंगवलेली बस घेऊन तिच्यावर आपले नाव घालणे ही चोरीच आहे. शिवाय सर्वच कंपन्या बदल करू देत नाहीत. जिथे परवानगी नाही, तिथे हात लावू नये.

तिसरी गोष्ट खेळाच्या न्यायाची. कॅरम खेळताना सर्वांनी मिळून नियम बदलला, तर त्यात गैर काही नाही. पण एकाने गुपचूप वजनदार स्ट्रायकर आणला, तर ती लबाडी होय. इतरांबरोबर खेळताना फाईल बदलून आपला वेग किंवा ताकद वाढवणे हीसुद्धा तशीच लबाडी आहे. अशा विजयाचा आनंद खरा नसतो.

अब्बांची तक्रारही खोटी नव्हती. गणिताची वही कोरी राहिली, हे चुकलेच. म्हणून आम्ही तिघांनी मिळून ठरवले, की आधी वही, मग बस, आणि तीही ठरलेल्या वेळेपुरती.

आता कोणी माझ्याकडे अशी तक्रार घेऊन आला, तर मी मुलाला एकच प्रश्न विचारतो, "तू काय बदललेस, आणि कसे बदललेस, ते मला समजावून सांगशील?" ज्याने फक्त दुसऱ्याची फाईल उतरवली, तो गप्प राहतो. ज्याने स्वतः काम केले, तो भरभरून बोलतो. आणि तो मराठीतून बोलू लागला, तर माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकाला आणखी काय हवे?