खोकल्याचा धसका कशाला?

शिंक आली, खोकला आला किंवा खळखळून हसू आले, की नकळत लघवीचे थेंब सांडतात. भिलाईच्या वैशाली नगरात असो की नागपुरात, दोन-तीन बाळंतपणे झालेल्या कित्येक गृहिणी 'आता असे व्हायचेच' म्हणून हा त्रास सोसतात. लग्नकार्याला जाणे टाळतात, पाणी कमी पितात, पण कुणाकडे बोलत नाहीत. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासून घेतले होते अवघ्या ८ टक्के स्त्रियांनी!

फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याला शेक, एवढेच आपल्याला ठाऊक असते. खरे तर ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना आधार देतात. बाळंतपणात ते ताणले जातात. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लठ्ठपणा यांनी आणखी सैल पडतात. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्येच या स्नायूंच्या व्यायामाचा उपयोग दाखवून दिला होता.

व्यायाम साधा आहे. वायू आणि लघवी एकदमच रोखून धरावी, तसे स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये, मांड्या-नितंब आवळू नयेत आणि लघवी करताना धार अडवून सराव करू नये. शिंक येतेय असे वाटताच स्नायू आवळण्याची सवयही उपयोगी पडते. मात्र आठवड्याभरात गुण येत नाही. किमान तीन महिने नेटाने करावे लागते. बऱ्याच जणींचे घोडे इथेच अडते.

पुष्कळ जणी नेमका चुकीचाच स्नायू आवळतात, म्हणून पहिल्यांदा या विषयातील फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेणे बरे. काहींचे स्नायू सैल नसून उलट आखडलेले असतात. त्यांना संबंधाच्या वेळी दुखते. त्यांनी आधी सैल सोडायला शिकायचे असते, आवळण्याने दुखणे वाढू शकते.

अंग थोडेसे खाली आले असेल तर या व्यायामाने त्रास कमी होऊ शकतो. पूर्ण बाहेर येत असेल तर आधाराची कडी किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार करावा लागतो. गर्भाशय काढला की गळती थांबते, हा समज मात्र चुकीचा आहे. लघवीत रक्त, जळजळ, ताप किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव असल्यास व्यायामाच्या भरवशावर न राहता आधी डॉक्टरांना दाखवावे.

आणि हो, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हाच व्यायाम शिकवतात.