हत्यार ज्याच्या त्याच्या हाताचे

कॉलेजच्या कॅन्टीनमधले काही वाद वर्षानुवर्षे चालत आले आहेत. चहाचे पैसे कोणी द्यायचे, हा त्यांतला पहिला. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे. कोणाच्या तरी हाती नवा कॅमेरा येतो, स्नेहसंमेलनाचे फोटो काढले जातात आणि प्रश्न निघतो, "फोटो सुधारायला सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?" मग एक पक्ष फोटोशॉपचा झेंडा घेऊन उभा राहतो, दुसरा लाइटरूमचा. तिसरा, "फुकट मिळत असताना पैसे कशाला?" असे म्हणत गिंपची बाजू घेतो. चहा गार होतो. निकाल मात्र लागत नाही.

निकाल लागत नाही याचे कारण प्रश्नच चुकीचा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. सुताराला जाऊन विचारा, "सर्वांत चांगले हत्यार कोणते?" तो हातातले काम थांबवून आधी तुमच्याकडे पाहील आणि म्हणेल, "करायचे काय आहे ते सांगा." चौकट करायची असेल तर करवत आणि रंधा हवा, खाच पाडायची असेल तर पटाशी. जी गोष्ट सुताराला कळते ती आपल्यासारख्या पदवीच्या वाटेवर असलेल्यांना का कळू नये?

थोडा इतिहास पाहू. फिल्मच्या काळात फोटोवर दोन निराळ्या प्रकारची कामे होत. एक डार्करूममधले. लाल दिव्याच्या उजेडात निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये ठेवायची, कोणता भाग गडद करायचा आणि कोणता उजळ ठेवायचा ते हाताची सावली धरून ठरवायचे, मग कागद रसायनात बुडवायचा. दुसरे काम रिटचिंगचे. बारीक कुंचला घेऊन चेहऱ्यावरचा डाग झाकायचा, ओरखडा बुजवायचा. पहिल्या कामात फोटो 'धुतला' जाई, दुसऱ्यात तो 'रंगवला' जाई. दोन्ही कामांची माणसेही पुष्कळदा वेगळी असत.

संगणकावर या दोन कामांचे दोन वंश झाले. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या टॉमस नोल याने १९८७ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. त्याचा भाऊ जॉन त्याला येऊन मिळाला आणि १९९० मध्ये ॲडोबी कंपनीने तो 'फोटोशॉप' या नावाने बाजारात आणला. हा वंश रिटचिंगचा. एकच चित्र समोर घ्यावे, थरावर थर रचावेत आणि पाहिजे तेवढा वेळ त्याच्यावर घालवावा. गिंपही याच घराण्यातले. १९९५ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले. आपल्याच वयाच्या पोरांनी सुरू केलेले हे काम आजही जगभरचे स्वयंसेवक चालवीत आहेत, ही गोष्ट मला तरी मोलाची वाटते.

२००७ मध्ये आलेले लाइटरूम आणि २००९ पासून फुकट मिळणारे डार्कटेबल यांचा वंश मात्र डार्करूमचा. त्यांच्या नावांतच ते दिसते. तिथे शेकडो फोटो एकदम समोर येतात. त्यांतले निवडायचे, गाळायचे, एकाचा उजेड नीट केला की तीच दुरुस्ती त्याच प्रकाशातल्या पन्नास फोटोंना लावून टाकायची. मुख्य म्हणजे मूळ फोटोला हातही लागत नाही. आपण काय काय केले त्याची नोंद तेवढी निराळी ठेवली जाते. निगेटिव्ह कपाटात सुरक्षित ठेवून प्रिंट मात्र हव्या तितक्या काढाव्यात, तसा हा प्रकार.

एवढे कळले की कॅन्टीनमधला निम्मा वाद मिटतो. गेल्या संमेलनात मी स्वतः हा धडा शिकलो. दोन दिवसांत नऊशेच्या वर फोटो निघाले होते आणि मी ते एकेक करून उघडीत, दुरुस्त करीत, बंद करीत बसलो. पहाटे दोन वाजता माझे चाळीस झाले होते. वर्गातल्या एका मैत्रिणीने तेच फोटो दुसऱ्या पद्धतीचे सॉफ्टवेअर घेऊन एका संध्याकाळी निवडून, सुधारून दिले. ती माझ्याहून हुशार आहे हे मी मान्य करतो. पण त्या रात्रीचा फरक हुशारीचा नव्हता, कामाच्या पद्धतीचा होता. उलट नाटकाचे एकच पोस्टर करायचे असते, तर तिच्या हत्याराचा फारसा उपयोग झाला नसता.

तेव्हा पहिला प्रश्न, फोटो किती? दुसरा प्रश्न, ते शेवटी जाणार कुठे? फोनवरच पाहायचे असतील तर फोनमधलेच एखादे साधे ॲप पुरते. मुंगी मारायला तोफ आणण्याचे कारण नाही. पण अंक छापखान्यात जाणार असेल तर गोष्ट वेगळी. छपाई चार शाईंत होते. फोटोशॉपमध्ये त्या चार रंगांत थेट काम करता येते, तर गिंपमध्ये काम पडद्याच्या तीन रंगांतच करून शेवटी रूपांतर करावे लागते. तिसरी गोष्ट आपल्या मराठीची. फोटोवर देवनागरीत दोन ओळी लिहायच्या असतील तर आधी एक जोडाक्षर आणि एक पहिली वेलांटी टाइप करून पाहावी. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावी लागे. ती न केल्यामुळे 'विद्यार्थी'चे तुकडे झालेले फलक आपण सर्वांनी पाहिले आहेत. गिंपमध्ये ही अडचण सहसा येत नाही. इंग्रजीत लिहिलेल्या शिफारशींत या मुद्द्याचा उल्लेखही नसतो, कारण त्या लिहिणाऱ्यांना वेलांटीची चिंता नसते.

आता पैशांविषयी. २०१३ मध्ये ॲडोबीने आपला मोर्चा वर्गणीकडे वळवला. त्यामुळे सॉफ्टवेअर एकदा विकत घेऊन कायमचे आपले, अशी स्थिती तिथे राहिली नाही. खोलीचे भाडे थकले की घरमालक दारात उभा राहतो, तसेच हे. ज्याला या कामातून मिळकत आहे त्याला हे भाडे परवडते, आणि ते त्याने आनंदाने द्यावे. पण आपल्यापैकी बरेच जण काय करतात हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. आपण 'क्रॅक' केलेली प्रत मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतो. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला आपण नावे ठेवतो आणि इथे मात्र शूरपणा मिरवतो. त्या प्रतीबरोबर संगणकात आणखी काय शिरते तेही आपल्याला ठाऊक नसते. डार्कटेबल, गिंप, रॉथेरपी अशी चांगली साधने राजरोस फुकट मिळत असताना ही चोरी गरिबीची नव्हे, आळसाची आहे. ती साधने शिकायला वेळ लागतो, त्यांची मांडणी पहिल्या दिवशी चक्रावून टाकते, हे खरे. पण वेळ ही एकच संपत्ती विद्यार्थ्याजवळ थोडीफार असते.

शिवाय कोणतेही दुकान कधी बंद होईल याचा नेम नसतो. गूगलचे पिकासा किती घरांत होते! २०१६ मध्ये कंपनीने ते बंद केले. ॲपलने २००५ मध्ये आणलेल्या ॲपर्चरचे काम २०१४ मध्ये थांबवल्याचे जाहीर केले आणि त्यात वर्षानुवर्षे आपली दुरुस्ती साठवणाऱ्यांची पंचाईत झाली. म्हणून निवड करताना एवढे जरूर विचारावे, की उद्या हे बंद पडले तर माझे फोटो माझ्याजवळ कोणत्या रूपात उरतील?

हा प्रश्न मला एरवी सुचला नसता. तो मला आमच्या शिपाईमामांनी शिकवला. दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयातले मामा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांचा फोटो काढला. खिडकीतून येणारा उजेड, मागे पुस्तकांचे कपाट, हातात किल्ल्यांचा जुडगा. घरी जाताना बसमध्येच फोनवरच्या एका ॲपने मी तो 'सुंदर' केला. बोट फिरवले, सुरकुत्या गेल्या, रंग गोरा झाला, आणि मी तो मूळ फोटोवरच सेव्ह करून टाकला. ग्रुपवर चाळीसएक जणांनी अंगठे वर केले.

काही महिन्यांनी मामांचा मुलगा आला. म्हणाला, "दादा, तो फोटो मोठा करून फ्रेम करायचा आहे." मी मोठी प्रिंट काढली. पडद्यावर तळहाताएवढा असताना जे कळले नव्हते ते आता ढळढळीत दिसू लागले. चेहरा मेणासारखा गुळगुळीत, कानाजवळ कपाट वाकलेले. मामांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "चांगला आहे हो. पण हा मी नव्हे. माझा धाकटा भाऊ शोभेल." सगळे हसले. मीही हसलो. पण मूळ फोटो मागायला आता मी कोणाकडे जाणार होतो? तीस वर्षे पुस्तके वाहून, धूळ खाऊन त्या चेहऱ्यावर जे उमटले होते, ते मी बसच्या एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत पुसून टाकले होते.

दोष त्या ॲपचा होता असे मी म्हणणार नाही. नाचता येईना अंगण वाकडे, असे होईल ते. पण मूळ प्रत राखून ठेवणारे साधन माझ्या हाती असते, किंवा निदान तशी सवय असती, तर माझी चूक दुरुस्त होण्यासारखी राहिली असती. फोटोत फेरफार करण्याचा मोह काही आजचा नाही. फोटोशॉप जन्मण्याच्या आठ वर्षे आधी, १९८२ मध्ये, नॅशनल जिऑग्राफिकने मुखपृष्ठाच्या आकारात बसावे म्हणून गिझाचे पिरॅमिड चित्रात जवळजवळ सरकवले होते, आणि त्याबद्दल पुष्कळ टीका झाली होती. तेव्हा सत्य राखण्याचे काम कोणतेही सॉफ्टवेअर करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागते. चांगले साधन फार तर परतीची वाट उघडी ठेवते.

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सुचवावेसे वाटते. कोणाच्या शिफारशीवरून काही घेण्याआधी आपल्याच कामातले वीस फोटो निवडा. दोन-तीन साधनांची फुकट किंवा चाचणीची प्रत घ्या आणि तेच वीस फोटो प्रत्येकात सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहा. वेळ किती लागला, मूळ प्रत शाबूत राहिली का, आपला जुना संगणक धापा टाकू लागला का, आणि आठवड्याने पाहिल्यावर फोटोतला माणूस ओळखू येतो का, हे स्वतःला विचारा. उत्तर आपोआप मिळेल. ते माझ्या उत्तरापेक्षा वेगळे असेल, आणि ते तसेच असायला हवे.

मामांना मी पुन्हा भेटायला जाणार आहे. या वेळी फोटो दोन ठिकाणी ठेवीन, आणि सुरकुत्यांना हात लावणार नाही.