विश्लेषण : कान-नाक-घसा हा ‘छोटा’ विषय आहे का? भावी डॉक्टर नेमके काय शिकतात?

कान वाहतो, घोळणा फुटला, घसा बसला, उठताना गरगरते... कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातील सकाळच्या रांगेत या तक्रारी हमखास ऐकू येतात. त्या ऐकणारा डॉक्टर बहुतेक वेळा कान-नाक-घसा तज्ज्ञ नसतो, तो एमबीबीएस असतो. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांत याच विषयाकडे ‘शेवटच्या पंधरा दिवसांत उरकायचा छोटा विषय’ म्हणून पाहिले जाते. रुग्णांच्या रांगेत मोठा असलेला विषय अभ्यासाच्या टेबलावर छोटा का होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो?

अभ्यासक्रमात या विषयाला किती जागा आहे?

एमबीबीएसचे शिक्षण साडेचार वर्षांचे, त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. कान-नाक-घसा हा स्वतंत्र विषय म्हणून तिसऱ्या टप्प्यात येतो. व्याख्याने, रुग्णालयातील काही आठवड्यांची पोस्टिंग आणि नंतर आंतरवासितेत दोन आठवडे, असा त्याचा साधारण वाटा आहे.

२०१९ पासून देशात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. ‘विद्यार्थ्याला काय माहीत आहे’ यापेक्षा ‘त्याला काय करता येते’ हे तपासायचे, असे त्याचे सूत्र आहे. माहीत असणे, कसे करायचे हे सांगता येणे, करून दाखवता येणे आणि स्वतंत्रपणे करता येणे, अशा पायऱ्या त्यात आखलेल्या आहेत. ओटोस्कोपने कान तपासणे, रक्त वाहणाऱ्या नाकात पुढून पट्टी भरणे यांसारख्या कौशल्यांचा प्रमाणित करायच्या यादीत समावेशही आहे. म्हणजे कागदावर दिशा योग्य आहे. प्रश्न आहे तो कागदापासून रुग्णाच्या कानापर्यंतच्या अंतराचा.

हा विषय शिकवायला अवघड का?

कान, नाक आणि घसा या तिन्ही अरुंद, अंधाऱ्या जागा. पोट दहा विद्यार्थ्यांना एकामागून एक हात लावून तपासता येते. कानाच्या पडद्याकडे मात्र एका वेळी एकच डोळा पाहू शकतो. कपाळावरच्या आरशातून दिव्याचा झोत नेमक्या जागी पाडायला शिकण्यातच अनेकांचे पहिले काही दिवस जातात. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढायचा, लहान बाळाचा खाली आणि मागे, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत संपते. रडणाऱ्या बाळाच्या बाबतीत ती हाताला कळायला मात्र दहा-वीस बाळे तपासावी लागतात.

कॅमेरा लावलेल्या एंडोस्कोपमुळे आता सगळ्या गटाला पडद्यावर एकच चित्र दिसते, ही मोठी सोय झाली. पण पडद्यावर दाखवलेले पाहणे वेगळे आणि स्वतः शोधून पाहणे वेगळे. आरोग्य केंद्रात कोणी एंडोस्कोप धरून ‘हे बघा, पडद्याला इथे भोक आहे’ असे सांगायला नसते.

न शिकल्याची किंमत काय?

एक उदाहरण अचानक येणाऱ्या बहिरेपणाचे. सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकू येईनासे झाले, की ‘सर्दीने कान बंद झाला’ किंवा ‘मळ असेल’ असे म्हणून थेंब दिले जातात. खरे कारण आतल्या कानाच्या नसेत असेल, तर उपचारांसाठी साधारण पहिले दोन आठवडेच मोलाचे असतात. हा फरक ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मध्यावर ठेवला, की मळ किंवा सर्दीचा दोष असल्यास आवाज आजारी कानाकडे जातो. नसेचा दोष असल्यास चांगल्या कानाकडे. एका मिनिटाचे काम. ते न केल्याने कायमचा कान जाऊ शकतो.

वाहणाऱ्या कानाचेही तसेच. ‘लहानपणापासून कान फुटतो’ हे घरोघरी सहज बोलले जाते. पण थोडासाच, दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर आत हाड कुरतडणारा आजार असू शकतो. तो चेहऱ्याच्या नसेपर्यंत, अगदी मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत काही अडकले आहे असे आधी गृहीत धरायचे असते. ती बटण बॅटरी असेल, तर काही तासांत आतली त्वचा भाजते. तंबाखू खाणाऱ्याचा किंवा विडी ओढणाऱ्याचा घसा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर खोकल्याचे औषध बदलत बसण्यापेक्षा स्वरयंत्र पाहायला हवे. भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे. अशा देशात टॉर्च घेऊन जिभेच्या कडा आणि गालाची आतली बाजू पाहणे ही प्रत्येक डॉक्टरची सवय असायला हवी.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने हा धडा सगळ्यांना एकदम दिला. महाराष्ट्र तेव्हा सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत होता. गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव येणे, डोळ्याभोवती सूज ही लक्षणे ज्याने लवकर ओळखली, त्याच्या रुग्णाचा डोळा आणि जीव वाचण्याची शक्यता वाढली.

‘तज्ज्ञांकडे पाठवू’ एवढे पुरेसे नाही का?

हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. पण तज्ज्ञ प्रामुख्याने शहरांत आहेत आणि गावातल्या रुग्णासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. शिवाय कोणाला आजच पाठवायचे, कोणाला पुढच्या आठवड्यात आणि कोणाला पाठवायचेच नाही, हे ठरवणे हेच मुळात कौशल्य आहे. ते नसेल तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते. साध्या मळासाठी रुग्ण जिल्हा रुग्णालयात रांग लावतो आणि हाड कुरतडणारा कान गावातच थेंबांवर राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजांच्या आधारे भारतात लक्षणीय श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ६.३ कोटी सांगितली जाते. मुलांमधील श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्यासारखे असतात, असेही ही संघटना सांगते. बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून सुरू आहे. त्याचा पाया तज्ज्ञ नव्हे, प्राथमिक पातळीवरचा डॉक्टरच आहे. तोच कच्चा राहिला तर वरची इमारत कशी उभी राहणार?

गणित कुठे बिघडते?

दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. पण पदव्युत्तर प्रवेश बहुपर्यायी प्रश्नांवर ठरतो. त्या प्रश्नपत्रिकेत ट्यूनिंग फोर्कचा निष्कर्ष विचारता येतो, तो हातात नीट धरता येतो का हे तपासता येत नाही. त्यामुळे आंतरवासितेचे दोन आठवडे अनेकांसाठी ‘अभ्यासाला मिळालेली सुट्टी’ होतात. विभागही त्याकडे काणाडोळा करतात आणि नोंदवहीवर सही होते.

दुसरीकडे देशातील एमबीबीएसच्या जागा २०१४ मधील सुमारे ५१ हजारांवरून आता एक लाखाच्या वर गेल्या आहेत. डॉक्टर वाढणे स्वागतार्हच. पण जागांच्या वेगाने शिक्षक आणि रुग्ण वाढले नाहीत, तर एका कानाभोवतीची गर्दी तेवढी वाढते.

काय करता येईल?

यासाठी नव्या इमारती लागत नाहीत. पहिले, विद्यार्थ्याने किती दिवस हजेरी लावली याऐवजी किती कान, किती नाके आणि किती घसे स्वतः तपासले हे नोंदवावे, आणि शिक्षकाने त्यातील काही पुन्हा तपासून पाहावेत. दुसरे, सरावाची सुरुवात रुग्णावर नव्हे, प्रतिकृतीवर व्हावी. नाकात पट्टी भरण्याचा पहिला प्रयत्न रक्त वाहणाऱ्या घाबरलेल्या माणसावर होणे त्याच्यावरही अन्याय आहे आणि विद्यार्थ्यावरही. तिसरे, आंतरवासितेच्या दोन आठवड्यांतील काही दिवस उपजिल्हा रुग्णालयात किंवा शाळांमधील श्रवण तपासणीत जावेत. चौथे, आंतरवासिता संपताना पाच-सहा कौशल्यांची प्रत्यक्ष चाचणी व्हावी आणि ती न जमणाऱ्याला परत विभागात पाठवावे. यातली शेवटची सूचना कटू वाटेल; पण तिच्याशिवाय बाकीच्या तीन कागदावरच राहतील.

प्रत्येक एमबीबीएस डॉक्टरने कानाची शस्त्रक्रिया करावी, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. पण घोळणा फुटलेल्या मुलाची मान मागे न टाकता त्याला पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दाबून धरणे, वाहणाऱ्या कानात थेंब टाकण्याआधी तो आत डोकावून पाहणे आणि बसलेल्या घशाचे आठवडे मोजणे, एवढे तरी त्याला यायलाच हवे. रुग्णाच्या दृष्टीने हा विषय कधीच छोटा नव्हता.