अल्बममधली अमानत



लग्नसराई जवळ आली की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो : "भाचीच्या निकाहसाठी घरच्या फोटोंचा स्लाइड शो करायचा आहे. कसा करू?" या वेळी उत्तर जरा सविस्तर देते. हा छंद मला लागून काही वर्षं झाली आणि त्यात जे शिकले, त्यातलं निम्मं चुका करून शिकले. एक चूक तर अशी झाली की सख्खी फुफी तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. तीही सांगणार आहे.

सुरुवात पुरापासून झाली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरचं लोखंडी कपाट निम्मं पाण्यात होतं. खालच्या कप्प्यात मरहूम अब्बांचे तीन अल्बम. पाणी ओसरल्यावर पहिला अल्बम मी तसाच उघडून वाऱ्यावर ठेवला. वाळल्यावर फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना चेहरेच निघून आले. शेजारच्या काकूंच्या सुनेला यातलं ठाऊक होतं, म्हणून बाकीचे दोन वाचले. ओले फोटो एकमेकांवर वाळू द्यायचे नाहीत. थंड, स्वच्छ पाण्यात अलगद बुडवून एकेक सुटा करायचा, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही आणि चित्र वर ठेवून टिपकागदावर किंवा सुती कापडावर सावलीत पसरायचे. एका दिवसात काम उरकत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि सवडीनं सोडवायचे. आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती आणि नळाला पाणीही नव्हतं. पत्र्यावरून गळणारं पागोळीचं पाणी बादल्यांत धरून काकू, त्यांची सून आणि मी गच्चीवर दोन दिवस बसलो. त्यांच्या घरची मुंज आणि आमच्या घरचा निकाह एकाच चादरीवर वाळत होता. अलहम्दुलिल्लाह, आमचे ६१ फोटो हाती लागले.

वाचलेले फोटो पुन्हा कपाटात ठेवायची हिंमत होईना. मग ते संगणकात घ्यायचे ठरले आणि तिथून स्लाइड शोचा नाद लागला. हळूहळू आम्ही पाच जणी जमलो : काकू, त्यांची सून, एक नर्सबाई, एक कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी निवृत्त शिक्षिका. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी जोहरच्या नमाजनंतर एकीच्या घरी बसायचं, पेन ड्राइव्ह टीव्हीला लावायचा, एकीनं केलेला शो सगळ्यांनी पाहायचा आणि मग खरं बोलायचं. नियम एकच, "छान झालंय" एवढंच म्हणून उठायचं नाही.

माझा पहिला शो भाचीच्या वलीम्यात दाखवला होता. १८० फोटो, २२ मिनिटं. दहाव्या मिनिटाला पाहुणे बिर्याणीकडे वळले होते. तोच शो आमच्या बैठकीत लावला. फोटो कधी पानासारखा उलटत होता, कधी गिरकी घेत होता, कधी त्याचे तुकडे होऊन उडत होते. काकूंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो बाई, हे सारखं फिरतंय कशाला? मला तुमच्या अम्मींचा चेहरा बघायचाय." त्या एका वाक्यानं मला संगणकाच्या वर्गात न शिकवलेली गोष्ट शिकवली.

त्यानंतर आम्ही जे ठरवत गेलो, ते तुमच्या कामी येईल म्हणून लिहिते.

फोटो निवडताना ३५ ते ४० वर थांबा. प्रत्येक फोटो पाच-सहा सेकंद ठेवला तर चार मिनिटांचा शो होतो आणि तेवढा वेळ लहान मूलही बसतं. एकाच प्रसंगाचे पाच फोटो असतील तर एक ठेवा. एका फोटोतून दुसरा हळूच उमटतो, तो साधा बदल सगळीकडे वापरा. त्याला एक-दीड सेकंद पुरतो. गिरक्या नकोत.

जुना छापील फोटो स्कॅन करताना दर इंचाला ६०० ठिपके ठेवा. चार बाय सहा इंचांचा फोटो मग २४०० बाय ३६०० ठिपक्यांचा होतो. टीव्हीचा नेहमीचा पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असतो, म्हणजे गर्दीतला एखादा चेहरा मोठा करून दाखवायला पुरेशी जागा राहते. स्कॅनर नसेल तर मोबाईल चालतो. खिडकीजवळ सपाट जागी फोटो ठेवा, फ्लॅश बंद करा, काचेच्या चौकटीतून बाहेर काढा आणि मोबाईल फोटोला अगदी समांतर धरा. उभा फोटो आडव्या पडद्यावर ताणून बसवू नका, माणसं बुटकी दिसतात. दोन्ही बाजूंना काळी जागा सोडा.

बनवण्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. शाळा-ऑफिसात असतं ते पॉवरपॉइंटही फोटो ओळीनं लावून, वेळ ठरवून व्हिडिओ करून देतं. मात्र काम संपलं की व्हिडिओ तयार करून ठेवाच. कारण सॉफ्टवेअर कायम राहत नाही. लग्नाच्या स्टुडिओंमध्ये एकेकाळी 'प्रोशो' पुष्कळ चालायचं. ती कंपनी २०२० च्या सुरुवातीला बंद झाली. एमपी-फोर व्हिडिओ मात्र कुठल्याही टीव्हीवर आणि मोबाईलवर चालतो. मूळ फोटोंचं फोल्डरही हलवू नका. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये फोटो आत साठवलेले नसतात, ते कुठे आहेत याचा फक्त पत्ता असतो. मी एकदा घर आवरावं तसा संगणक आवरला आणि दुसऱ्या दिवशी शो उघडला तर सगळ्या चौकटी रिकाम्या!

आता आवाजाबद्दल. संगीताविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत, त्या वादात मी पडत नाही. पण फिल्मी गाणं लावलं की लोक गाणं ऐकतात, फोटो पाहत नाहीत, हा अनुभव आहे. शिवाय ते गाणं दुसऱ्याच्या मालकीचं असतं. काही जण बरकत म्हणून तिलावत मागे लावतात. माझी विनंती आहे, असं करू नका. तिलावत शांत बसून ऐकायची असते. हसण्या-बोलण्याच्या मागे ती वाजत ठेवणं अदबीला धरून नाही. सर्वांत चांगला आवाज घरातल्याच एखाद्या बुजुर्गाचा असतो.

यात नवं काही नाही. आपल्या महाराष्ट्रातच कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडायची आणि बाजूला उभं राहून गोष्ट सांगायची. चित्राला बोलतं करत होता तो सांगणारा. अल्बम उघडून बसलेली आपली नानी हेच तर करायची : "ही तुझी मोठी खाला, हा तिचा दीर, आणि हा कोपऱ्यातला मुलगा कोण सांग बघू?"

आता त्या चुकीकडे येते.

वाचलेल्या ६१ फोटोंतून मी अब्बांच्या आयुष्याचा शो केला. १९८१ ची बोटीची हजयात्रा त्यात होती. मुंबईच्या बंदरावर हार घातलेले अब्बा-अम्मी, मागे बोटीचा जिना. मुंबईहून जेद्दाहला जाणारी हजची बोट १९९५ नंतर बंदच झाली, त्यामुळे मुलांना ते फोटो फार नवलाचे वाटले. त्याच शोमध्ये एक फोटो फुफीचा होता. सोळा-सतरा वर्षांची, पडवीतल्या झोपाळ्यावर बसलेली, डोक्यावर ओढणी नाही, नुकतेच धुतलेले केस मोकळे आणि तोंडभर हसू. अब्बांनी काढलेल्या फोटोंतला सर्वांत सुंदर फोटो तोच. मी तो सर्वांत जास्त वेळ, आठ सेकंद ठेवला होता.

आमच्या पाच जणींत तो पाहिला गेला, तोवर ठीक होतं. मग कुवेतच्या पुतण्यानं मागितला म्हणून मी शो त्याला पाठवला. त्यानं प्रेमानंच खानदानाच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला, अल्लाह जाणे. फुफी आता ७४ वर्षांच्या. लग्नानंतर त्यांनी नात्याबाहेरच्या पुरुषासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. त्यांच्या जावयाच्या भावानं त्यांना मोबाईल दाखवून विचारलं, "हे तुम्हीच ना?"

फुफींचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या अब्बांनी तो फोटो घरात ठेवायला काढला होता ना?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

मी पुतण्याला सांगून तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला लावला. पण ज्यांनी उतरवून घेतला होता, त्यांच्या मोबाईलमधून तो कसा काढणार? दगड हातातून सुटला की सुटला. तीन आठवडे मी फोन केले, फुफींनी उचलले नाहीत. चौथ्या आठवड्यात मी टॅब घेऊन एसटीनं त्यांच्या गावी गेले. माफी मागितली. बराच वेळ त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "आण, बघू तरी काय काय वाचलंय."

आणि मग माझी दुसरी चूक उघड झाली. हजच्या फोटोत अब्बांशेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना मी "मोठे मामू" असं लिहिलं होतं. फुफी म्हणाल्या, "मामू कुठले? हे मुसाफिरखान्यात भेटलेले नागपूरकडचे हाजीसाहेब. तुझ्या अम्मीला ताप आला तेव्हा यांनीच डॉक्टर आणला." आमच्या घरात ही गोष्ट आता फक्त त्यांनाच माहीत होती. त्या दुपारी त्यांनी ३४ फोटोंवर बोलून दिलं आणि मी ते मोबाईलवर टिपून घेतलं. मध्येच कोंबडा आरवतो, कुकरची शिट्टी होते, ती मी काढलेली नाही.

झोपाळ्याचा फोटो आला तेव्हा त्या थांबल्या. पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हा मला छापून दे. बाकी कुठे नको." तसंच केलं. तो फोटो माझ्या शोमधून काढला आहे, पण कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये अजून असेल, ही टोचणी मला आहे आणि ती राहणार.

तेव्हापासून मी फोटोला मालकीची वस्तू समजत नाही. अल्बम माझ्या कपाटात असला तरी त्यातला चेहरा ज्याचा त्याचा आहे, माझ्याकडे ती अमानत आहे. आपल्या घरांत फोटोबाबत मतं एकसारखी नाहीत. कुणाला फोटोच नको असतो, कुणाला घरापुरता चालतो, कुणाला कुठेही चालतो. प्रत्येकाला विचारल्याशिवाय हे कळत नाही. जे हयात नाहीत, त्यांच्या बाबतीत जवळच्या वारसाला विचारावं आणि शंका असेल तर ठेवू नये.

आमच्या पाच जणींनी मग दोन सवयी लावून घेतल्या. पहिली, प्रत्येक शोच्या दोन प्रती करायच्या. 'घरचा' शो टीव्हीवर लावून दाखवायचा, कुणाला पाठवायचा नाही. 'बाहेरचा' शो पाठवायचा, त्यात फक्त इजाजत मिळालेले फोटो. दुसरी, एकमेकींना शिकण्यासाठी शो दिला तरी तो आपल्या मोबाईलवरून पुढे ढकलायचा नाही. छंदाच्या मैत्रीत हा विश्वास नसेल तर आपल्या घरचे अल्बम कुणी उघडून दाखवणार नाही.

मूळ फोटो घरच्यांना पाठवायचे असतील, तर व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर त्यांचा दर्जा घटतो. आणि सगळ्याच्या तीन प्रती ठेवा : एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत फुफींच्या घरी आहे. त्यांचं घर टेकडीवर आहे, तिथे पाणी चढत नाही.

भाचीच्या निकाहसाठी विचारणाऱ्या भगिनींना एवढंच सांगेन : सॉफ्टवेअर नंतर शोधा. आधी या जुम्म्याला घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ अल्बम घेऊन बसा. मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करा, प्रत्येक फोटोवर दोन गोष्टी विचारा, "हे कोण?" आणि "हा फोटो दाखवला तर चालेल ना?" उत्तरं मिळाली की निम्मा शो तयार झाला असं समजा.

पुढच्या महिन्यात, इन्शा अल्लाह, जुन्या ऑडिओ कॅसेटमधले आवाज कसे वाचवायचे ते पाहू. कुवेत-दुबईहून आलेल्या बोलक्या पत्रांच्या कॅसेटी तुमच्याही माळ्यावर असतील. तोवर त्या कोरड्या जागी ठेवा. दुआओं में याद रखना.